फाटकी चटई

जगाचा उद्धार व्हायचा असेल तर तो वीस-एकवीस वर्षांच्या पोरांच्याच हातून होणार, असं सिओनेला ख्रिस्ती मिशनमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला दीड वर्ष झालं. एवढ्या काळात मलकपेठेतल्या तीन माणसांना त्याच्यामुळे ‘हाऊ आर यू’ म्हणता येऊ लागलं होतं. त्याच्या फुकटच्या इंग्रजी वर्गाला हे तिघंच यायचे. दोघं कूलरच्या हवेसाठी आणि तिसरे घरमालक नामदेवराव, भाडेकरू काय शिकवतो यावर नजर ठेवायला.

सिओने टोंगाचा. पॅसिफिक समुद्रातलं बेट. नामदेवरावांनी नातवाच्या पृथ्वीगोलावर ते शोधलं, तर नेमकं तिथंच किमतीचं लेबल चिकटवलेलं. "म्हणजे आहे कुठंतरी," ते बायकोला म्हणाले.

मिशनचे नियम दोन. एक, कायम जोडीनं राहायचं, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. सिओनेचा जोडीदार रत्नम राजमंड्रीचा, आणि नियमाला इतका पक्का की सिओने अंघोळीला गेला की हा दाराशी उभा. दुसरा नियम, घरी फोन सोमवारीच.

त्या सोमवारी आईऐवजी भावानं फोन उचलला.

आई शनिवारीच गेली होती. दफन बुधवारी दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला. विमानं बदलत पोचायला तीन दिवस लागले असते. मिशनच्या वडीलधाऱ्यांनी फोनवर प्रार्थना केली आणि दोन दिवस वर्ग बंद ठेवायची, बुधवारी घरी फोन लावायची परवानगी दिली.

सिओने रडला नाही. रत्नम समोर बसून त्याच्याकडे बघत होता. असं कुणी बघत असताना रडता येत नाही.

"मला चटई पाहिजे," तो शेवटी म्हणाला.

त्याच्याकडची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की काळे कपडे घालून कमरेला चटई बांधायची. माणूस जितकं जवळचं, तितकी चटई जुनी, झिजलेली, फाटलेली. आईसाठी नवी चटई बांधून उभं राहणं म्हणजे मयताला नवरदेव होऊन जाण्यासारखं. दफनाला भाऊ व्हिडिओ कॉल लावून फोन धरणार होता. सगळ्या भावंडांच्या कमरेला चटया असणार, आणि सिओनेच्या कमरेला निव्वळ पट्टा. आईला तसं निरोप द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

मंगळवारी दोघं बाजारात गेले. दुकानदारानं मोर छापलेली प्लास्टिकची चटई उलगडली. "धोके इस्तेमाल करो, दस साल कुछ नै होता."

"फटी हुई है क्या?" सिओनेनं विचारलं.

दुकानदाराचा चेहरा पडला. "चालीस साल से बैठा हूँ भाई. आज तक किसीको फटा माल नै दिया."

"थोडी भी नै?"

"नक्को बोले तो नक्को बोलो, इज्जत कैकू लेरे?"

रिकाम्या हातानं ते घरी परतले. घरमालकीण तारामतीबाई अंगणात भांडी घासत होत्या. त्या सिओनेशी मराठी बोलायच्या, तो त्यांच्याशी बाजारात शिकलेली दखनी हिंदी. कधी अडलं नाही. त्यानं चटई मागितली. बाई लगबगीनं आत गेल्या आणि लेकीच्या लग्नातली, अजून घडी न मोडलेली सतरंजी घेऊन आल्या.

"घे लेकरा. पाहुण्याला काय कमी करायचं?"

सिओनेनं मान हलवून मोरीजवळ बोट दाखवलं. तिथं शिंदीच्या पात्यांची एक चटई पडली होती, कडा उसवलेली, मधोमध भोक. बाई तिच्यावर पाय पुसायच्या.

"ती? काहून थट्टा करतूस रे?"

"माँ के वास्ते," तो म्हणाला. मग तुटक तुटक सगळं सांगितलं.

बाईंनी हात पदराला पुसले. चटई उचलली, सवयीनं झटकायला गेल्या आणि थांबल्या.

"झटकू का नको?"

"नको," सिओने म्हणाला. त्याला येणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांतला हा एक.

बुधवारी सकाळी सव्वासहालाच तो खाली आला, मागोमाग रत्नम, कारण वरच्या खोलीत नेटवर्क नव्हतं. बाईंनी स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून दिला आणि सुतळीनं चटई त्याच्या कमरेला बांधली. सुतळी दोनदा कमी पडली. नामदेवराव इस्त्रीचा शर्ट घालून मागं उभे राहिले, टोपी हातात.

फोनमध्ये भाऊ-बहिणी ओळीनं उभे दिसले, जीर्ण चटया गुडघ्याखाली लोंबत होत्या. दोन भावांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी ठेवलेली होती. गाणं सुरू झालं. सिओने इकडून त्यात हलक्या आवाजात मिसळला. शवपेटी उचलली, खड्ड्यावर आली, आणि चित्र थबकलं. पडद्यावर चक्र गोल गोल फिरत राहिलं.

नामदेवरावांनी फोन उचलून खिडकीशी नेला, अंगणात नेला, पाण्याच्या टाकीवर धरला. चित्र परतलं तेव्हा लोक फावडी बाजूला ठेवून एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

आई खाली गेली, ते त्याला दिसलंच नाही.

मग तो रडला. एवढ्या मोठ्या देहातून असा आवाज निघाला की समोरच्या घरातली माणसं दारात आली. रत्नम उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि सिओने शांत होईपर्यंत वळला नाही.

बऱ्याच वेळानं हुंदके थांबले. चटईमुळे सिओनेला बसता येत नव्हतं आणि ती सोडायला त्याचा हात धजत नव्हता. तारामतीबाईंनी नाक पुसलं, वर बघितलं.

"बाळा, उभाच हाईस तर तेवढा माळ्यावरचा चहापत्तीचा डबा काढून दे. ह्यांचा हात पुरत नाही."