शेजारच्या सीटखालचा ब्रेक

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचं दार उघडलं की आधी वास येतो. वरवर लिंबाच्या अत्तराचा, आणि त्याखाली जुन्या घामाचा, ओल्या पायपुसण्याचा, कुणीतरी घाबरून केलेल्या उलटीचा. मालक दर महिन्याला अत्तराची नवी डबी आरशाला लटकवतात, पण सीटची कव्हरं धुवायला टाकत नाहीत. एकोणीस वर्षं मी या वासात बसून लोकांना गाडी शिकवतोय. सगळे मला मास्तर म्हणतात. हल्ली त्या हाकेचीही मला शिसारी येते.

शिकवायच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटखाली, माझ्या पायाशी. नियम असा आहे की माझा ब्रेक दाबला गेला की बझर वाजला पाहिजे. म्हणजे शिकणाऱ्याला कळतं की गाडी आपण नाही, मास्तरांनी थांबवली. परीक्षेच्या दिवशी मागे बसलेल्या परीक्षकालाही कळतं. गॅरेजवाल्यानं त्या बझरचं नाव ‘चुगलखोर’ ठेवलंय. मालकांनी गाडी घेतली त्याच आठवड्यात चुगलखोराची वायर कापायला लावली.

“मास्तर, दर दोन मिनिटांनी हे बोंबलायला लागलं तर माणूस दुसऱ्या दिवशी येईल का?” ते म्हणाले होते. “गिऱ्हाईकाला वाटलं पाहिजे की आपल्याला जमतंय.”

मी मान डोलावली. तेव्हापासून माझा पाय लोकांच्या गाड्या थांबवतोय. सिग्नलला मी, वळणावर मी, समोर कुत्रं आलं तरी मीच. शिकणारा आपला पाय ब्रेकवर नुसता टेकवतो, गाडी गपकन थांबते, आणि तो माझ्याकडे बघून हसतो. “बघा मास्तर, जमलं की नाही?” मी म्हणतो, “छान!” पंधराव्या दिवशी परीक्षा. परीक्षेतही शेजारी मीच, आणि माझा पायही तिथेच. आमच्या स्कूलचं कुणी नापास होत नाही, असं मालकांनी बाहेरच्या पाटीवर रंगवून घेतलंय.

नियमांच्या तासाची तर बातच सोडा. प्रश्नपत्रिकेची पुस्तिका सगळ्यांना पाठ असते. मी विचारतो, “पिवळा दिवा लागला तर काय करायचं?” पहिल्या रांगेतून उत्तर येतं, “ब!” मी म्हणतो, “ब म्हणजे काय?” तर आठव्या प्रश्नाचं उत्तर ब आहे, एवढंच त्याला माहीत. एका बाईंनी आणखी खुलासा केला की पिवळा म्हणजे पळवा. पुढच्या गाडीपासून अंतर कसं राखायचं ते मी सांगतो. ती खांबाजवळून गेली की मनात दोन सेकंद मोजायचे, त्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. सगळा वर्ग हसतो. “एवढी जागा ठेवली तर मधे दुसरा घुसेल ना, मास्तर!” ही माणसं पुढच्या आठवड्यात रस्त्यावर असतात, हातात मीच मिळवून दिलेलं लायसन्स घेऊन. मला त्यांचा वीट येतो. आणि त्यांच्याकडे बघता बघता माझा स्वतःचा.

हे सगळं मी आजवर गिळत आलो, कारण रस्त्यावर जायची ती दुसऱ्यांची पोरं. मग माझी सून शिकायला आली.

माझा मुलगा कामाला होता तो कारखाना बंद पडून चार महिने झाले. सुनेला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम मिळालं होतं. सकाळी दवाखान्यांमधून नमुने गोळा करायचे आणि गाडीनं लॅबमध्ये पोचवायचे. लॅबवाले म्हणाले, सोमवारपर्यंत लायसन्स दाखवा, नाहीतर आम्ही दुसरी बघतो. परीक्षा त्याआधीच्या शुक्रवारी होती. जाता येता ती माझ्या नातीला बालवाडीत सोडणार, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. नात चार वर्षांची.

सून मन लावून शिकली, हे मान्य करायलाच हवं. भाजी निवडताना तिच्या मांडीवर नियमांचं पुस्तक असायचं. बाकीच्यांसारखी पोपटपंची नाही. एकदा मला म्हणाली, “बाबा, वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. मला वाटायचं दुप्पटच लागत असेल. किती भयंकर आहे हो हे!” लेन बदलायच्या आधी आरसा, मग इशारा, मग मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा बघायचा, यातलं ती काही विसरत नसे. मला तिचा अभिमान वाटायचा. आणि त्याच वेळी माझा पाय, एकोणीस वर्षांच्या सवयीनं, तिच्याही आधी ब्रेक दाबून मोकळा व्हायचा.

बुधवारी आम्ही जेवायला बसलो होतो. सून वाढता वाढता म्हणाली, “आज मैत्रिणीनं तिची गाडी दिली होती, त्यांच्या सोसायटीच्या आवारात चालवायला. बाई गं, काय भंगार गाडी! ब्रेकच लागत नाही. पाय टेकवला तरी आपली पुढेच. कुंडीला जाऊन धडकली. मी तिला सांगितलं, आधी गॅरेजला दाखव.”

“आई, आपली कुंडी फुटली ना?” नात टाळ्या पिटत म्हणाली. “मी मागं बसले होते. धाडकन!”

“आपली नाही गं, त्यांची. बाबा, तुमच्या स्कूलच्या गाडीचा ब्रेक कसा मऊ आहे! नुसता पाय ठेवला की थांबते.”

मी हातातला घास ताटात ठेवला. मैत्रिणीच्या गाडीच्या ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं. माझ्या सुनेनं आयुष्यात एकदाही ब्रेक दाबलेला नव्हता. ब्रेक दाबणं म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि मागच्या सीटवर नात होती. मी ताटावरून उठलो. “पोट बरं नाही,” म्हणालो. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. आरशात तोंड बघवेना.

गुरुवारी तिचा शेवटचा तास होता. मी बूट काढून पाय सीटवर घेतले आणि मांडी घालून बसलो. मोकळ्या मैदानात मी म्हणालो, “त्या चुन्याच्या रेघेपाशी थांबव.” तिनं पाय टेकवला. गाडी रेघ ओलांडून आरामात पुढे गेली.

“जोरात दाब!”

तिनं घाबरून असा दाबला की आमची दोघांची डोकी पुढे आपटायची राहिली. मग ती वैतागून म्हणाली, “हिचाही ब्रेक बिघडला वाटतं आज. बाबा, मालकांना सांगा ना. उद्या परीक्षा आहे.”

“बघतो,” मी म्हणालो.

बघतो! एवढं सोपं वाक्य होतं: ‘पोरी, आजवर ब्रेक मी दाबत होतो.’ ते माझ्या तोंडून निघेना. ज्या सुनेपुढे मी घरी सभ्यपणाचा आव आणून वावरतो, तिला सांगायचं की तुझा सासरा फसवणुकीची नोकरी करतो? उरलेला तास मी पाय खाली सोडले, आणि गाडी पुन्हा मऊ झाली. सून खूश झाली.

शुक्रवारी सकाळी मी स्कूल उघडायच्या आधी पोचलो. डॅशबोर्डखाली आडवा पडून चुगलखोराची कापलेली वायर शोधली, सोलली, जोडली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. मला शूर समजू नका. तोंडानं सांगायची छाती नव्हती, म्हणून ते काम वायरवर ढकललं. मनात आणखी एक कोपरा म्हणत होता की पाय मागे घेऊन बस, पोरगी हुशार आहे, कदाचित निभावून नेईल.

आमच्या परीक्षकाला सगळे मास्तर डुलक्या म्हणतात. तो मागच्या सीटवर बसतो, फॉर्म मांडीवर ठेवतो आणि पहिल्या वळणाच्या आत पेंगायला लागतो. त्या दिवशी त्याच्या शर्टावर सकाळच्या चहाचे ओघळ होते. सुनेनं “नमस्कार सर” म्हटलं, त्यानं जांभई दिली.

सुनेनं गाडी सुरेख काढली. आरसा, इशारा, मान वळवून नजर, सगळं. चौकातल्या गोल चक्कराला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून वेग कमी केला आणि आत फिरणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ दिलं. मी पाय वर सीटवर दुमडून घेतले होते आणि गुडघे हातांनी धरले होते. मग शाळेमागच्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग आलं. एक म्हातारा छातीशी खोकं कवटाळून पांढऱ्या पट्ट्यांवर उतरला. खोक्यामुळे त्याला आमची गाडी दिसत नव्हती.

“पादचारी आहे. थांबते,” सून शांतपणे म्हणाली. आणि तिनं पाय टेकवला.

गाडी चाललीच. म्हाताऱ्याचं खोकं, खोक्यावरची दोरी, दोरीवरची त्याची बोटं, सगळं जवळ येत गेलं. सून नुसती समोर बघत होती, गाडी थांबायची वाट पाहत. मी पाय सोडवून ब्रेकवर आदळला.

चुगलखोर असा किंचाळला की म्हाताऱ्याच्या हातातलं खोकं खाली पडलं. बॉनेट आणि त्याच्यामध्ये हातभर जागा होती. तो वाकून खोकं उचलू लागला. मी काच खाली करून माफी मागितली, पण त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही.

“काय भोकाड पसरलंय हे?” डुलक्या दचकून जागा झाला.

“माझा ब्रेक होता,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, मग घड्याळाकडे. “ती वायर काढून टाका हो, मास्तर. डोकं उठतं. चला, आरटीओ ऑफिसला घ्या. तुमच्या घरचीच ना ही? मग काय, झालं.” आणि फॉर्मवर पासच्या चौकटीत खूण करायला त्यानं पेन काढलं.

माणूस मरता मरता वाचला होता आणि याला आवाजाचा त्रास झाला होता. पण याच्या जागी मी काय वेगळा होतो? एकोणीस वर्षं मी हेच पेन त्याच्या हातात देत आलो होतो.

“नापास लिहा,” मी म्हणालो.

“बाबा!” सून ओरडली.

“डोकं फिरलंय का? स्वतःच्या सुनेला?”

“तिनं ब्रेक दाबला नाही. लिहा नापास. नाहीतर मी तुमच्या ऑफिसात जाऊन बझर का वाजला ते सगळ्यांसमोर सांगतो. मग तुमचंही पितळ उघडं पडेल आणि माझंही.”

डुलक्यानं नापासवर इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला. “उपकाराची जाण नाही लोकांना,” म्हणत तो उतरून चालायला लागला.

सून स्टीअरिंग धरून बसली होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “सोमवारी मी काय दाखवू त्यांना? तुमच्या मुलाचं काम गेलंय, हे तुम्हाला माहीत नाही? पोटावर पाय दिलात तुम्ही माझ्या. आणि मी ब्रेक दाबला होता! गाडीच खराब आहे, मी काल सांगितलं होतं.”

तेव्हा मी सांगितलं. सगळं. दोन ब्रेक, कापलेली वायर, पंधरा दिवस चाललेला माझा पाय. मी खाली वाकून माझ्या ब्रेकचं पेडल हातानं दाबून दाखवलं. बझर वाजला.

“म्हणजे मैत्रिणीच्या गाडीचा ब्रेक चांगला होता,” ती हळू म्हणाली.

“हो.”

“मागं माझी पोर बसली होती, बाबा.”

“हो.”

“आणि हे तुम्हाला जेवतानाच कळलं होतं.”

मी मान डोलावली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दाराच्या बाजूला सरकली, माझी बाही तिला लागू नये अशी. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

गाडी स्कूलच्या दारात नेऊन लावली आणि किल्ली मी तिथल्या ऑफिसच्या खिडकीत दिली. मालकांना निरोप ठेवला की उद्यापासून मी येत नाही. तसा मोठा पराक्रम नव्हता तो. आम्ही पायीच घरी निघालो. सून चार पावलं पुढे चालत होती. बाजाराजवळच्या झेब्रा क्रॉसिंगला ती थांबली, मीही येऊन तिच्या मागे उभा राहिलो. एक पांढरी गाडी आली आणि कचकन ब्रेक मारून निम्मी पट्ट्यांवर येऊन थांबली. काच खाली झाली. आत एक बाई होत्या, मागच्या सीटवर दोन मुलं. त्यांचा चेहरा मला पाहून फुलला.

“मास्तर! ओळखलंत का? दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडेच शिकले! या ना, तुम्ही आधी जा.” त्यांनी कौतुकानं हात पुढे केला.

सुनेनं एक पाय खाली टाकला होता. तिनं त्या बाईंकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. आणि तो पाय उचलून पुन्हा फुटपाथवर घेतला.

“तुम्ही जा,” ती बाईंना म्हणाली. “आम्ही थांबतो.”