अठ्ठेचाळीस टक्के

"ट्रेलरमध्ये काय काय चालवणार?" सोलरच्या दुकानातल्या मुलीने विचारलं. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाने तिला फ्रिज, दोन पंखे, टीव्ही आणि दिव्यांची माळ अशी भली मोठी यादी दिली होती. तिने आमच्यासाठीही कोरा कागद पुढे ओढला.

"एकच यंत्र," मी म्हटलं. "ह्यांच्या ऑक्सिजनचं."

मुलीने पेन खाली ठेवलं आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मग तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण तिने पेन पुन्हा उचललं. "किती तास चालतं?"

"सात," नवरा म्हणाला.

"नऊ," मी म्हटलं.

"सातच लिहा. म्हातारपणी झोप कुठे येते एवढी?"

मी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं, आणि तीन वर्षांत माझं सगळं त्राण त्या यंत्राभोवतीच संपलं होतं. मुलीने हिशेब केला. सहा-सातशे वॅटच्या वर सौर पाट्या आमच्या ट्रेलरच्या छपरावर मावणार नव्हत्याच. त्यामुळे तीन पाट्या, एक मोठी बॅटरी आणि बॅटरीतल्या विजेवर घरातली यंत्रं चालवणारा इन्व्हर्टर. "दुसरी बॅटरी घेतली तर निर्धास्त व्हाल," ती म्हणाली. नवऱ्याने लगेच हात हलवला. "उगाच कशाला? सात तासांना एक पुरते."

नवरा पस्तीस वर्षं घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचायचा. लोकांच्या जिन्याखाली, गोठ्यात, न्हाणीघराबाहेर, जिथे मीटर असेल तिथे वाकून आकडा टिपायचा. त्या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या, वाकडी मान आणि दिवा मालवायची सवय. मी न्हाणीघरात असताना त्यांनी बाहेरून दिवा मालवल्याचे प्रसंग मोजायला बसले तर दिवस पुरायचा नाही. राग आला की मी त्यांना मीटरसाहेब म्हणते. वर्षातले निम्मे दिवस म्हणते.

ट्रेलर आम्ही त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी घेतला. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घरच ते. जुना होता, पण आत दोन माणसांचा पलंग, ओटा, खिडकीला पडदे. नदीकाठी एक मोकळी जागा आहे, गाडीने दोन तासांवर. तिथे वीज नाही, नळ नाही, म्हणूनच गर्दीही नाही. तिथे आठवडाभर राहायचं असं ठरलं होतं. मग ह्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी रात्रभर ऑक्सिजन सांगितला आणि ते यंत्र घरात आलं. ते भिंतीतल्या प्लगला बांधलेलं, नवरा नळीने यंत्राला बांधलेला आणि मी नवऱ्याला. तीन वर्षांत आम्ही दोघं एक रात्रही घराबाहेर राहिलो नाही. ट्रेलर अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिला. त्याच्या टायरातली हवा गेली आणि माझ्यातलीही.

जनरेटरचा धूर त्यांना चालत नाही. म्हणून हा सूर्याचा खटाटोप. मी आधीच बजावून टाकलं होतं, "हा शेवटचा उपाय. अंगणातच एक रात्र ट्रेलरमध्ये झोपून बघायचं. सकाळपर्यंत बॅटरी टिकली तर नदीवर जायचं. नाही टिकली तर ट्रेलर विकायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही." नवरा "बरं" म्हणाला. त्यांचं "बरं" ऐकून मला त्यांचं काय ठरलंय ते कधीच कळलेलं नाही.

बसवायचं काम माझ्या धाकट्या भावाने अंगावर घेतलं. तो बसगाड्यांची वायरिंग करतो आणि तोंडाचा पट्टा एक क्षण बंद ठेवत नाही. पण छपराला भोक पाडायची वेळ आली तेव्हा त्याची बोलती बंद झाली.

"ताई, एकदा भोक पाडलं की पाडलं. गळलं तर मला बोल लावशील."

"दे इकडे ते ड्रिल," मी म्हटलं आणि शिडीवर चढले. साठी उलटलेल्या बाईने छपरावर चढावं की नाही हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, कारण विचारायची कोणाची छाती नव्हती. पत्र्याचा कीस डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी चष्म्यावर दुसरा चष्मा लावला होता. वायर आत सोडली, भोकाभोवती पांढरा चिकट लगदा भरला. भाऊ खालून सूचना करत होता. नवरा खुर्चीत बसून, दम लागेल म्हणून कमी बोलत, नुसता बोट दाखवत होता: तो स्क्रू सैल आहे, ती पाटी तिरकी आहे. दोन दिवस हेच चाललं. माझ्या गुडघ्यांनी शरणागती पत्करली, पण पाट्या बसल्या.

शनिवारी दिवसभर लख्ख ऊन होतं. संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरली. भाऊ निघताना म्हणाला, "भावोजी, सात तास चालवलंत तर सकाळी दहा-बारा टक्के उरतील. त्याहून जास्त चालवलंत तर यंत्र ओरडून उठवेल."

आम्ही दहाला आडवे झालो. यंत्राची घरघर सुरू झाली. त्या घरघरीची मला इतकी सवय आहे की ती ऐकतच मी अर्धवट झोपते. ती जराशी अडखळली तरी मी उठून बसते. तीन वर्षं माझी झोप म्हणजे अशीच, कान उघडे ठेवून.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन पडद्यातून आत आलं होतं. सात वाजून गेले होते! मी धडपडत उठले. नवरा उशीला टेकून बसला होता, नळी नाकाला, यंत्र चालू. मी आधी बॅटरीवरच्या आकड्याकडे धावले. अठ्ठेचाळीस टक्के.

"अहो!" मी ओरडलेच. "निम्मी उरली! अहो, निम्मी!"

ते हसले. मी त्यांच्या गळ्यात पडले, या वयात, अंगणात, खिडकीचा पडदा उघडा असताना. भावाला फोन केला. तो म्हणाला, "माझी वायरिंग आहे ताई, थट्टा नाही," आणि मी तेही ऐकून घेतलं. नदीवर काय काय न्यायचं याची यादी मनात सुरू झाली. इतकं हलकं मला कधी वाटलं होतं तेही आठवेना.

डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी रोज सकाळी यंत्राचे तास वहीत लिहिते. यंत्राच्या मागच्या अंगाला छोटी खिडकी आहे, तिच्यात ते एकूण किती तास चाललं त्याचा आकडा असतो. कालच्यातून आजचा वजा केला की रात्र कळते. आठ, नऊ, कधी साडेनऊ. तीन वर्षं तेच. त्या सकाळीही मी सवयीने वाकले, आकडा लिहिला, वजाबाकी केली.

चार.

पुन्हा केली. चारच. दहा ते सात म्हणजे नऊ तास, आणि यंत्र चाललं चार.

मी वळून नवऱ्याकडे नीट पाहिलं. मघाशी पाहिलंच नव्हतं, आकडाच पाहिला होता. ओठ निळसर. डोळ्यांखाली काळं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, दम लागला की बसतात तसे.

"मीटरसाहेब," मी म्हटलं. "आयुष्यभर लोकांचे मीटर वाचलेत. ह्याला मीटर आहे हे विसरलात?"

त्यांनी मान वळवून त्या छोट्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो गं. विसरलो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वही आपटली. काय वाट्टेल ते बोलले. मरायचं होतं तर सांगायचं, मी छपरावर चढले नसते. मला नदी नको होती, मला तुम्ही हवे होतात. बोलता बोलता रडायला आलं आणि रडता रडता अजून राग आला. त्यांनी मला संपू दिलं.

"बारा वाजता एक तासभरच बंद केलं होतं," ते म्हणाले. एकेका वाक्यानंतर थांबत होते. "बॅटरी वाचवावी म्हणून. तुझं मन मोडायचं नव्हतं. एकला परत लावणार होतो."

"मग?"

"मग तू घोरायला लागलीस."

डोळे पुसता पुसता मी त्यांच्याकडे पाहिलं.

"एरवी जरा अडखळलं तरी उठतेस, पण दोन दिवस छपरावर राबली होतीस. आवाज थांबला तसं उलट तुझं अंग सैल पडलं. तोंड उघडं टाकून, हात पाय पसरून. तीन वर्षांत तुला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. बटण दाबलं असतं तर उठली असतीस. म्हटलं अजून थोडा वेळ. मग अजून थोडा. पाचला लावलं, तेव्हाही कूस बदललीस फक्त."

मी पलंगाच्या कडेवर बसले. खरंच झोपले होते मी. जागी झाले तेव्हा मान हलकी, डोकं शांत, आणि मला वाटलं होतं ट्रेलरची हवा मानवली. हा माणूस हातभर अंतरावर पाच तास श्वास ओढत बसला होता आणि मला तीन वर्षांतली सगळ्यात गाढ झोप लागली होती. ह्याची मला जी लाज वाटली ती आजही जात नाही.

"मग विकायचा का ट्रेलर?" त्यांनी विचारलं.

"दुसरी बॅटरी बसवायची. पलंगाखाली जागा आहे. आणि दुकानात तास मी सांगणार."

"बरं." मग यंत्राकडे बोट दाखवत ते म्हणाले, "लांब नळी मिळते म्हणे. यंत्र बाहेर सामानाच्या कप्प्यात ठेवू. आवाजच येणार नाही. तुला रोज तशी झोप लागेल."

"नको."

"अगं, पण—"

"माझ्या उशाशीच राहील ते," मी म्हटलं. "आता शांत झालं की मला झोप लागणार नाही."

त्यांना ते कळलं. मान खाली घालून त्यांनी माझा हात धरून ठेवला. मी त्यांच्या कानांवरून नळी नीट केली, त्यांना आडवं केलं आणि घरघर ऐकत शेजारी पडून राहिले. दहा मिनिटांत त्यांना झोप लागली. मला नाही लागली.