ब्रिस्केटच्या रांगेत

एल्बर्टनं चालत्या गाडीच्या दाराला हात घातला, तसा केंडलनं करकचून ब्रेक दाबला.

“पपा! काय करताय?”

“फुलं,” म्हातारा म्हणाला.

कुंपणापासून ओढ्यापर्यंत सगळं रान ब्लूबॉनेटनं निळं झालं होतं. एल्बर्ट काठी टेकत उतरला, चार पावलं गेला आणि सरळ फुलांत बसला. बारा वर्षांच्या जोसीनं आजोबांचे सात-आठ फोटो काढले. पण मग त्याला उठता येईना. केंडलनं एका बाजूनं आणि जोसीनं दुसऱ्या बाजूनं धरून उभं केलं, तेव्हा पँटची मागची बाजू चिखलानं माखली होती. एल्बर्ट मात्र हसत होता. ऑक्टोबरमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून हसताना त्याचं अर्धंच तोंड हलायचं, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून लाळ यायची.

“चला आता,” केंडल घड्याळ बघत म्हणाला. “साडेअकरानंतर त्या दुकानात नुसती हाडं उरतात.”

ही सहल एल्बर्टचीच. एकतीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली होती, आणि दर एप्रिलमध्ये एक शनिवार-रविवार घरच्यांना गाडीत घालून या टेकड्यांमधून फिरवायचा. दोन दिवसांत तीन गावांतलं धुरावर भाजलेलं मांस, म्हणजे बार्बेक्यू, आणि मधल्या वाटेवर जे दिसेल ते. यंदा त्यानं कॅलेंडरच्या पानामागे वाकड्या अक्षरांत रस्ता लिहून केंडलच्या हातात ठेवला. केंडलच्या बायकोची, रोझलिनची, दोन्ही दिवस हॉस्पिटलात ड्यूटी होती. म्हणून तिघंच निघाले.

पहिल्या गावी पोचले तेव्हा ब्रिस्केटची, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाची, रांग पत्र्याच्या शेडबाहेर आली होती. ओकच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. जोसी हात धुवायला गेली. एल्बर्ट रांग सोडून भट्ट्यांकडे गेला आणि भट्टीवाल्याला झाकण सारखं उघडू नको म्हणून सांगू लागला. जीभ जड झाल्यामुळे त्याला दोनदा सांगावं लागलं. भट्टीवाला मान डोलवून हसला.

“प्रुइट! तुम्हीसुद्धा इथे?”

केंडल वळला. मागे ग्रँट ऑस्ट्रँडर उभे होते. केंडलच्या ऑफिसात जानेवारीत डॅलसहून आलेले नवे साहेब. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातल्या त्यांच्या पत्नी, सिलिया.

“वा, सर! शनिवार सत्कारणी लावताय.”

“हिनं अजून खरं ब्रिस्केट खाल्लंच नाही. म्हटलं, टेक्सासमध्ये जन्म काढून ही लाज कुणाला सांगायची?”

तिघंही हसले. तेवढ्यात मांस कापणाऱ्यानं रांगेतल्या लोकांना चाखायला कडेचे काळपट तुकडे वाटले. भट्टीपाशी उभ्या एल्बर्टनंही दोन उचलले. एक तोंडात घातला. चरबीचा ओघळ हनुवटीवरून शर्टावर आला. दुसरा तुकडा बोटांत धरून तो लटपटत रांगेकडे आला आणि समोर दिसलेल्या सिलियापुढे त्यानं हात केला.

“घ्या, बाई. असा तुकडा नशिबानं मिळतो.”

शब्द तिला कळले नसावेत. तिनं थरथरणारी बोटं बघितली, ओली हनुवटी बघितली, चिखलाची पँट बघितली, आणि ती एक पाऊल मागे सरली.

ऑस्ट्रँडरनी आवाज खाली आणला. “तुमच्याबरोबर आहेत का हे?”

“नाही,” केंडल म्हणाला. “असतील कुणाचे तरी.”

किती सहज गेलं तोंडातून. कुणी पत्ता विचारावा आणि ‘मी इथला नाही’ म्हणावं, तसं.

एल्बर्ट हाताच्या अंतरावर होता. त्यानं एकदा केंडलकडे पाहिलं. मग हातातला तुकडा कागदात गुंडाळून खिशात टाकला, हॅटच्या कडेला बोट लावलं आणि सिलियाला म्हणाला, “माफ करा हं, बाई.” हे शब्द मात्र अगदी स्पष्ट आले.

तो लाकडाच्या ढिगाजवळच्या बाकावर जाऊन बसला. जोसी परत आली ती थेट त्याच्याकडे गेली. केंडल तिच्याकडे बघत होता. पोरगी आता हाक मारणार, ‘बाबा, आजोबा इकडे का बसलेत?’ पण एल्बर्टनं तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं हळूहळू गाडीकडे निघून गेले. त्याचा पाय ओढला जात होता. केंडल त्या पावलांकडे बघत राहिला आणि साहेब मे महिन्यातल्या नव्या नेमणुकांबद्दल बोलत होते, त्यावर “हो, हो” म्हणत राहिला.

“आमच्याबरोबरच बसा ना,” ऑस्ट्रँडर म्हणाले.

“नको सर, पुढे जायचंय. गाडीतच खाऊ.”

ब्रिस्केट, कांदा, लोणच्याची काकडी, पाव. कागदाचं पुडकं छातीशी धरून तो गाडीपाशी आला. एल्बर्ट पुढच्या सीटवर होता, दार उघडं होतं. जोसी दाराशी उभी राहून ओल्या रुमालानं त्याच्या शर्टावरचा डाग पुसत होती.

“पपा,” केंडल म्हणाला.

“ऑफिसातले का रे ते?”

“साहेब आहेत.”

“वाटलंच.” एल्बर्टनं शर्टाकडे पाहिलं. “मी आज तो निळा शर्ट घालायला हवा होता. रोझलिननं काढूनसुद्धा ठेवला होता.”

मागून पावलं वाजली. ऑस्ट्रँडर धापा टाकत येत होते, हातात केंडलचं क्रेडिट कार्ड.

“अहो, काउंटरवर विसरलात!” असं म्हणता म्हणता त्यांचं लक्ष सीटवर गेलं, आणि ते थांबले.

केंडलनं तोंड उघडलं. एक वाक्य होतं, तीन शब्दांचं. ते म्हणण्याऐवजी त्यानं कार्डासाठी हात पुढे केला.

“मोठा भला माणूस आहे हा,” एल्बर्ट एकेक शब्द जुळवत म्हणाला. “माझ्या घरचे पुढे निघून गेले. म्हणाला, बसा, सोडतो तुम्हाला.”

जोसीचा रुमालाचा हात थांबला. तिनं आजोबांकडे पाहिलं, मग बापाकडे.

ऑस्ट्रँडरनी कार्ड दिलं आणि केंडलचा हात दोन्ही हातांत धरला. “प्रुइट, हल्ली असं कोण करतं हो? सिलियाला सांगतो मी.”

“त्यात काय, सर,” केंडल म्हणाला.

पुढचे चाळीस मैल केंडल नुसती गाडी चालवत राहिला. जोसी मागे खिडकीला डोकं टेकून बसली होती. पुडकं कुणी उघडलं नाही. गाडीभर त्याचा वास होता. नदीवरचा जुना पूल आला, एल्बर्टच्या कागदावर तो लिहिलेला होता. केंडलनं वेग कमी केला.

“थांबू का, पपा? बघायचाय?”

“तुला घाई नसेल तर.”

पुलावर केंडलनं त्याचा दंड धरला. गरज होती त्यापेक्षा घट्टच. एल्बर्ट खाली पाण्याकडे बघत म्हणाला, “पाणी कमी आहे यंदा.” केंडल “हो” म्हणाला.

दुसऱ्या गावच्या दुकानात दुपारी तीनला गर्दी ओसरली होती. केंडल बापाला धरूनच आत गेला. काउंटरमागच्या जाड्या माणसानं सुरी पुसली.

“बोला, काय देऊ?”

“हे माझे वडील,” केंडल म्हणाला. आवाज नको तितका मोठा झाला. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाईनं मान वर केली.

जाड्या माणसानं एकदा एल्बर्टकडे, एकदा केंडलकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला. “ब्रिस्केट की बरगड्या?”

“यांना कशाला सांगतोस, बाबा?” जोसी मागून हळूच म्हणाली.

केंडल काचेपलीकडच्या मांसाकडे बघत उभा राहिला.

“बरगड्या द्या,” एल्बर्ट पुढे होत म्हणाला. “तिघांना पुरतील एवढ्या.”