काट मारलेली चकती

माझ्या नणंदेला प्रयोगशाळेत मीच चिकटवली. सासूबाईंनी भुणभुण लावली होती, "सांग की तुझ्या सरांना, बेबी घरी बसून कंटाळते." तिशीची घोडी झाली तरी घरात ती बेबीच! आणि आता हीच बेबी माझ्या मुळावर उठली होती. कायमची नोकरी एकच होती, आणि शोधनिबंधावर जिचं नाव पहिलं तिलाच ती मिळेल, असं सरांनी सांगून ठेवलं होतं.

शोध कसला, तर अंधाऱ्या चकतीचा. काचेवर सिलिकॉनच्या चकत्या रांगेत बसवलेल्या असतात, धुळीच्या कणाहून बारीक. लेसर पडला की त्या प्रकाश चहूकडे उधळतात. पण माप नेमकं साधलं, तर चकतीत विद्युतभार मागेपुढे हलतो आणि त्याच वेळी, सायकलच्या ट्यूबवर तार गुंडाळावी तसे प्रवाहही फिरतात. दोन्हींचा प्रकाश बाहेर सारखाच, फक्त उलटा; एकमेकांना खोडून टाकतात. बाहेर अंधार, आत प्रकाश गच्च भरलेला. आम्हाला ती चकती लाल रंगात अंधारी झालेली हवी होती.

दोन वर्षं मी त्यासाठी डोळे फोडले. बेबी आली काय नि बैठकीत म्हणाली काय, "सर, सापडली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काचेवरच्या चकत्यांचा नकाशा पाहिला, तर तिसऱ्या रांगेतली शेवटची चकती.

"हॅ! हिच्यावर तर मीच काट मारलीय," मी म्हणाले. आमची रीतच तशी. मोजणीआधी लाल लेसर रांगांवरून फिरवायचा. जी चमकत नाही ती काच धुताना गळून पडली समजायची आणि सोडून द्यायची. "तिथे चकतीच नाही, सर. रिकाम्या जागी अंधारच दिसणार!"

"अगं वहिनी, बाकीच्या रंगांत ती मंद दिसते. फक्त लाल रंगातच विझते."

"धूळ असेल. हिला अजून धूळ नि चकती कळत नाही."

"भांडता कशाला?" सर म्हणाले. "इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घाला."

म्हटलं, आता जिरते हिची. पडद्यावर रांग आली. शेवटी चकती होती, गोल, अखंड, जागच्या जागी. अंधारी चकती शोधायची आणि अंधारी दिसली की काट मारायची! काखेत कळसा नि गावाला वळसा. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तेवढ्यात बेबी म्हणाली, "सर, वहिनीची खूण होती म्हणून तर मी तिथे पाहिलं. पहिलं नाव तिचंच हवं."

सरांनी मान डोलावली. झालं, नोकरी माझी! फक्त गप्प बसायचं होतं. पण घरी रोज जेवताना हिचं तोंड बघायचं, आणि प्रत्येक घास हिच्या उपकाराचा? मेले तरी नको.

"खूणबिण काही नाही," मी ओरडलेच. "गळाली समजून सोडली होती मी. नाव तिचंच घाला."

मग सर म्हणाले, "असं मोठं मन लागतं!" बेबीचे डोळे भरून आले, माझा हात घट्ट धरून म्हणाली, "वहिनी, तुझ्यासारखी तूच गं."

मी हसले. मला काय वाटत होतं, ते कुणालाच दिसलं नाही.