गोंदातला समुद्र

माझ्या भावजयीला समुद्राचं वेड लागलं तेव्हा ती समुद्रापासून बसने अकरा तासांवर राहत होती. आयुष्यात दोनदा तिने समुद्र पाहिला होता, आणि त्यातल्या एकदा उलट्या होत होत्या म्हणून ती गाडीतून उतरलीच नव्हती. पण दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून दिवसभर मोबाईल चाळायचा, म्हणजे काही ना काही वेड लागायचंच. आधी कुंड्या झाल्या, मग मेणबत्त्या. या खेपेला ‘किनाऱ्यावरचं घर’. तेही तिसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान.

मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. एक गाळा, दोन मशिनं, बावीस वर्षं. त्यामुळे पहिला तडाखा मलाच बसला.

“ताई, पडदे निळे-पांढरे हवेत. आणि खाली लाट.”

“लाट म्हणजे?”

“म्हणजे लाटेसारखं काहीतरी.”

कापली लाट. उशांवर नांगर शिवले. जहाजाचे, शेतातले नव्हेत, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं, उगाच नंतर कटकट नको.

बाकीचं तिने स्वतः केलं, आणि ते दिसत होतं. दिव्याच्या दांड्याला सुतळी गुंडाळली. आरशाभोवती शिंपले डकवले. हे शिंपले बाजारात पाकिटात मिळतात, धुऊन पॉलिश केलेले. लाटांनी वाहून आणलेलं लाकूड म्हणून सुताराच्या दुकानामागचा एक ओंडका आणला आणि त्याला पांढरा रंग फासला. बरणीत वाळू भरली, ती समोरच्या बांधकामावरची. माझा भाऊ त्या बरणीकडे बघायचा आणि गप्प बसायचा. लग्न झाल्यापासून त्याने कमावलेलं कौशल्य तेवढं एकच.

आणि या सगळ्या थाटात, नांगराच्या उशीला टेकून, आमचे बाबा बसलेले असायचे. चौतीस वर्षं त्यांनी मासेमारीच्या बोटीवर काढली होती. गुडघे गेले तसा भाऊ त्यांना इकडे घेऊन आला. खरा समुद्र घरात बसलेला, पण त्याला एक प्रश्न विचारावा हे काही भावजयीला सुचलं नाही. एक दिवस म्हातारा तोंड उघडेल आणि हिची चांगली जिरवेल, याची मी मनापासून वाट बघत होते.

मग घरसजावटीच्या एका मासिकाने तिने पाठवलेले फोटो पाहून कळवलं की तीन आठवड्यांनी रविवारी आमची माणसं येतील. झालं! बाई हवेत. जेवायच्या टेबलाच्या वर तिने छताला विकतचं नायलॉनचं जाळं टांगलं आणि त्याला गरम गोंदाने मूठमूठ शिंपले चिकटवले. बुधवारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना ते शिंपल्यांसकट सुटलं आणि भावाच्या डोक्यावर आलं. तो बिचारा हातात घास धरून जाळ्याच्या आत तसाच बसला.

“चला, काहीतरी लागलं जाळ्याला,” मी म्हटलं.

भावजय रडायलाच लागली. बाबांनी जाळं ओढून मांडीवर घेतलं, चष्मा चढवला आणि उलटसुलट फिरवून पाहिलं. मी सरसावून बसले.

“यात गाठच नाही एकही,” ते म्हणाले. “सगळं वितळवून चिकटवलंय.”

“मला येत नाही हो गाठ,” ती नाक पुसत म्हणाली. “तुम्ही शिकवाल?”

मला फिस्सकन हसू आलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिला आपल्या खोलीतून पत्र्याचा डबा आणायला सांगितला. त्यात जाळं विणायची चपटी बांबूची सुई होती, धरून धरून गुळगुळीत झालेली.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी पडद्याची दुमड बघायच्या निमित्ताने जात होते. खरं तर फजिती बघायला. पहिल्या दिवशी तिची प्रत्येक गाठ सरकत होती आणि बाबा ती उसवत होते.

“दिसतेय की नीट!” ती कुरकुरली.

“माशाला दिसून काय करायचंय?”

तिची रंगवलेली लांब नखं तुटली, तेव्हा उरलेली तिने स्वतःच कापून टाकली. दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत ती टेबलावरचं नवं जाळं न बघता विणत होती, आणि बाबा बोलत होते. पहिल्या वादळानंतर वर्षभर हातात दोरी धरल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे, असं ते तिला सांगत होते.

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत,” मी दारातूनच म्हटलं.

“तुला माझ्या कपड्यांचा वास यायचा,” बाबा म्हणाले. “तू लांब बसायचीस.” हवापाण्याबद्दल बोलावं तसं, सहज. मला मात्र हातातली टेप कुठे ठेवावी ते कळेना.

ठरल्या रविवारी मासिकाची बाई आली. तिने घर पाहून तीन वेळा ‘किती फ्रेश!’ म्हटलं आणि पिशवीतून कप्तानाची टोपी काढली. “आजोबांना घालू या?”

“ते कप्तान नव्हते,” भावजय म्हणाली. “ते जाळी विणायचे. हे जाळं त्यांनी शिकवलंय, तेही लिहा.”

मासिकात अर्थातच तसलं काही आलं नाही. फोटोखाली ‘सूनबाईंची कल्पकता’ छापलं होतं, आणि माझे पडदे? ‘बाजारात सहज मिळणारे.’ लाट कापताना माझी मान आठ दिवस धरली होती! आणि कहर म्हणजे त्या सुरेख विणलेल्या जाळ्यावर भावजयीने शेवटी प्लॅस्टिकचे तारामासे टांगलेच होते. माणूस गाठ शिकतो. चव शिकवायची कुणी?

समुद्र तीन महिन्यांत ओसरला. आता घरात जंगल येऊ घातलंय, आणि मला पडद्यांवर पानं शिवायची आहेत. पण विणकाम काही थांबलं नाही. शेजारच्या शाळेने बाबांना आणि भावजयीला व्हॉलीबॉलचं जाळं विणायला सांगितलं. परवा ते पुरं होऊन खोलीभर पसरलं होतं. मी ओणवी होऊन जाळ्याचं एकेक घर तपासलं. माझा स्वभावच तसा. डावीकडे वरची कड चांगली हातभर सैल सापडली.

“हे बघा,” मी बाबांना म्हटलं, “तुमच्या शिष्येचं काम.”

“ती बाजू माझी आहे,” बाबा म्हणाले. “हात थरथरतात हल्ली. ती उसवते म्हणाली होती, मीच नको म्हटलं.”

भावजयीने वर पाहिलं नाही. मी टेप काढली आणि पानांच्या पडद्यांसाठी खिडकीचं माप घेऊ लागले.