उकंडाच्या पार्टीचा पडदा

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली मारेगावच्या वस्तीनं आपली डफडी नाल्यात टाकली. दुसऱ्यांच्या दारात वाजवणं कायमचं संपलं. उकंडानं मात्र आपलं डफडं लपवून ठेवलं. तीनेक वर्षांनी त्यानं ते बाहेर काढलं आणि नगारेवाला प्रेमसिंग, क्लॅरिनेटवाला देवराव यांना घेऊन पार्टी उभी केली. गाणं नाही, शब्द नाहीत. वाद्यं आधी भांडायची, मग जुळायची. दोन गावांनी त्यांना अर्ध्यातून उठवलं.

"भाऊजी, असा पडदा काढा का पाह्यल्याबरोबर समजलं पाह्यजे, हे काही वेगळंच हाय," खेळामागं टांगायच्या पडद्यासाठी उकंडा नागोरावला म्हणाला. नागोराव त्याच्या बहिणीचा नवरा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

नागोरावनं पडद्यावर आधी डफडं रंगवलं. वस्तीतले म्हातारे नानाजी घरी आले. "जे आपन फेकलं, ते तू टांगून राह्यला?" असं म्हणून त्यांनी पडद्यावर रंगाचा डबा ओतला. मग नागोरावनं दुसऱ्या कापडावर नगारा काढला, तर देवराव रुसला. "मी काय प्रेमसिंगचा नोकर हाओ? बाजारातला खेळ फसला तं मी चाललो लग्नाच्या बँडात."

खेळाच्या दिवशीही नवं ताणलेलं कापड कोरंच होतं.

"मले काहीच सुचून नाई राह्यलं. दुसरा पाह्य कोनी," नागोराव म्हणाला.

उकंडा उंबऱ्यावरच बसला, रडू लागला. "दुसरा कोन हाय? घरचे बोलत नाईत, बाहेरचे आयकत नाईत. मी जाऊ कुठं?"

नागोरावची बायको रुखमाबाई चुलीपासून उठली. "तुमी त्याले कधी आयकलं तरी काय? आयकल्याशिवाय काय काढान?"

खरंच होतं. नागोरावचा बाप वरातीपुढं भर उन्हात अनवाणी वाजवत जायचा. डफड्याचा आवाज आला की नागोराव वाट बदलायचा.

"वाजव," तो म्हणाला.

पहिल्या थापेलाच तो सवयीनं दाराकडं वळला. पण ही वरातीची चाल नव्हती. ती अडखळत होती, थांबत होती, पुन्हा उसळत होती. नागोरावनं कुंचला उचलला. थाप पडली तिथं काळा फराटा ओढला, ती थांबली तिथं कापड कोरं सोडलं. वाद्य एकही काढलं नाही.

संध्याकाळी बाजारात माणसं त्या फराट्यांपुढं थबकली. "हे काय हाय बा?" म्हणत खाली बसली. क्लॅरिनेट वाजली, नगारा घुमला, कोणी उठलं नाही. मग डफडं वाजलं. नानाजी उठले, त्यांच्यामागं सगळी वस्ती उठली. देवरावनं मध्येच क्लॅरिनेट पिशवीत घातली आणि तो निघून गेला. उकंडा आणि प्रेमसिंग रिकाम्या जागेकडं बघत वाजवत राहिले.

त्यानंतर नागोरावच्या घरीही वस्तीतलं कोणी पाणी प्यायला आलं नाही.

आठवड्यानं उकंडा आला. "बंद करतो, भाऊजी. आर्णीकडं मजुरीले चाललो."

नागोराव एकदम ओरडला, "मी आत्ता कुठं आयकाले लागलो, अन् तू बंद करतं?"

उकंडा उठला. रुखमाबाईनं वाढलेलं ताट तसंच ठेवून तो निघाला.