कानातला कापूस

...एक सरकी राहिलीच होती. बोळा दोन बोटांत फिरवताना ती टणक लागली, नलूने नखाने उकरून चुलीत टाकली, आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं की आपण हे काय करतोय. आज कापूस न्यायचाच नव्हता. ठरलं होतं. फोन आला त्या दिवसापासून मनाशी घोकलं होतं की या सव्वीस जानेवारीला नवऱ्याच्या, बाबारावच्या कानात बोळे घालायचे नाहीत, आणि हे मेले हात... न विचारता घरातल्या ढिगातून कापूस ओढून, पिंजून, चार बोळे वळून मोकळे झाले. दोन त्याचे, दोन तिचे. दर दिवाळीला वळतात तसे. फेकून द्यावेत म्हणून ती चुलीपाशी वाकली, पण हात काही सुटेना, तेव्हा तिने ते पदराच्या टोकात गाठ मारून बांधले. नेले म्हणजे घातले असं थोडंच आहे.

मग आरशासमोर उभी राहून तिने कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. एरवी ती टिकली लावायची. पण आज विधवांचा सत्कार होता, आणि त्या सत्काराला नलू पाईकरावला बोलावणं होतं.

बाहेर ओट्यावर बाबाराव उन्हात बसून बुटाला पॉलिश करत होता. बाकीचं पुष्कळसं विसरला होता, पण फडक्याचं टोक बोटाला कसं गुंडाळायचं आणि कातड्यावर किती थुंकी टाकायची हे त्याचे हात अजून विसरले नव्हते.

"कुठं जाऊन राह्यलो आपण?"

"महागावले. झेंड्याले."

"परेड हाये?"

"हाये," ती म्हणाली, आणि तो इतका खूश झाला की तिला तोंड फिरवून घरात जावं लागलं. कुलूप कुठंय म्हणून उगाच शोधत राहिली. कुलूप हातातच होतं.

दिवाळीचं सोंग तिचंच होतं. लष्करातून घरी पाठवल्यावर पहिल्याच दिवाळीत गल्लीत फटाका फुटला आणि हा माणूस कणगीमागे जाऊन बसला. तेव्हा त्याला लाज वाटू नये म्हणून ती म्हणाली होती, "अहो, मले लय भेव वाटते आवाजाचं. मी कानात कापूस घालते, तुमी बी घाला माह्यासंगं." तेव्हापासून दोघंही बोळे घालून बसत, एकमेकांचं काही ऐकू न येता, चिवडा खात. तिला आवाजाची भीती कधीच नव्हती. पण त्याला तेच खरं वाटायचं, आणि ते बरंच होतं.

आणि मग ती तीन वर्षांपूर्वीची सव्वीस जानेवारी — नाही, आठवायचं नाही म्हटलं तरी ती येतेच, गावातून, फुलसावंगीहून, ऑटो निघाला की पहिल्याच खड्ड्याला येते. फुलचंद सुभेदार रिटायर होऊन आला आणि त्याने महागावात माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी आधार मंच काढला. बाबारावला मोठ्या दवाखान्यात नेण्यासाठी कुणी सोबत येईल का, एवढंच विचारायला नलू गेली होती. सुभेदार म्हणाला, आधी कार्यक्रमाला या. बाबारावचा वर्दीतला फोटोही त्यानेच मागून घेतला. मंचाची एक रीत होती. गेलेल्या जवानांची नावं वाचायची आणि मग सलामी. बंदुका कुठून आणणार? म्हणून सुतळी बॉम्ब. पहिला बॉम्ब फुटला तसा बाबारावने तिला खुर्चीवरून खाली ओढलं आणि तिच्यावर अंग टाकलं, सगळं अंग, "खाली राह्य! खाली!" म्हणून ओरडत, आणि त्याची पॅन्ट ओली झाली. लोक हसले. मोबाईल निघाले. सुभेदाराने तिला मांडवामागे नेलं. "वहिनी, याले पुन्हा आणू नका. पलटणीची इज्जत जाते. घरातच राहू द्या."

इज्जत! बायकोवर आडवा पडला त्याने ती घालवली, आणि दात काढणाऱ्यांनी राखली काय रे भाड्यांनो? त्यानंतर कितीतरी दिवस तो खाटेखाली झोपला. जेवणाचं ताट ती खाटेखाली सरकवायची. मंचातून कुणी फिरकलं नाही. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. आणि ती — तीही वेडी — सांगितलं तसं त्याला घरातच ठेवत गेली. दिसेनासा झाला. हळूहळू लोक विचारेनासे झाले. माणूस जिवंतपणी असा पुसला जातो, खडूसारखा.

मग फोन आला. मंचात नव्याने लागलेली तमन्ना नावाची मुलगी, आवाज गोड. "काकू, दिवंगत जवानांच्या पत्नींचा सत्कार हाये. तुमचं बी नाव हाये यादीत. याल ना?"

तो जिता हाये बाई. एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं, गरम, पोटातून... "येते ना. काहून नाही येनार?" फोन ठेवल्यावर ती एकटीच हसली. थांबा म्हणावं. तुमच्या मांडवात भूतच घेऊन येते. बॉम्ब फुटू द्या, ओरडू दे त्याला, पाहू द्या पाहुण्यांना, आणि त्या फुलचंदाचं तोंड मी पहिल्या रांगेतून बघते. ते तोंड तिने रोज रात्री उशीवर डोकं ठेवून पाहिलं होतं. पुढचं पाहिलं नव्हतं. पुढे खाट होती, खाटेखाली ताट होतं... पण मी आहे ना. आजवर कोण होतं? मीच होते. ऑटोत शेजारी बाबाराव ताठ बसला होता, बुटांवर धूळ बसू नये म्हणून पाय वर धरून.

मांडवाच्या तोंडाशीच टेबलावर फोटो मांडले होते, प्रत्येकाला झेंडूची माळ. शेवटून दुसरा त्याचा. तमन्ना फुलांचं ताट घेऊन पुढे आली, नलूच्या कपाळाकडे पाहून अडखळली.

"काकू, हे कोण?"

"मालक माहे. तो फोटो हाये ना, त्यातले."

पोरीने फोटोकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं. ताट कलून दोन फुलं खाली पडली. "या अल्ला... काकू, फोटो ऑफिसात होता, हे कोणाले दिसलेच नाही इतके दिवस, तं सगळे म्हने का गेले असतील..." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पण मी फोन केला तवा तुमी सांगतलं काहून नाही?"

नलू वाकली, पडलेली दोन फुलं उचलून तिने ताटात ठेवली.

तेवढ्यात फुलचंद सुभेदार स्टेजवरून उतरून आला. आणि ते तोंड — उशीवर पाहिलेलं — खरोखर तसंच झालं, राखेसारखं. काय बरं वाटलं! नलूच्या हातापायांत ताकद आली. तो हात जोडून, आवाज दाबून म्हणाला, "वहिनी, गलती झाली. लय मोठी गलती झाली. फोटो काढतो, माळ काढतो. तुमी याले घेऊन मांगं चला, पाहुणे पाहून राह्यले."

फोटोचं सुचलं. बॉम्ब थांबवायचं सुचलं नाही. अजूनही नाही.

"माळ राहू द्या साहेब," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "सलामी बी होऊ द्या. ज्याची हाये तो आला ना आयकाले."

सुभेदार काही बोलणार तोच माईकवरून कुणीतरी नावं वाचायला लागलं. बाबाराव टेबलापाशी उभा होता, स्वतःच्या फोटोसमोर. वाकून पाहत होता, शेजाऱ्याच्या घरी लग्नातला फोटो पाहतात तसा. मग तो सरळ झाला, टाच टाचेला लावली आणि कडक सलाम ठोकला.

"चांगला होता हो पोरगा," तो सुभेदाराला म्हणाला. "कवा गेला?"

सुभेदाराने मान खाली घातली. नलूने इतकी वर्षं त्याची मान खाली जायची वाट पाहिली होती, आणि ती गेली तेव्हा तिने नीट पाहिलीसुद्धा नाही, ती बाबारावच्या चमकणाऱ्या बुटांकडे पाहत राहिली. कवा गेला... कवा गेला हो? मला कुठं माहीत आहे? मी तर त्याला आज हाताला धरून आणलंय, बूट चमकवून, परेड आहे म्हणून सांगून — मी, त्या फुलचंदाने नाही...

माईकवर "बाबाराव पाईकराव" असं नाव आलं. "हजर!" तो ओरडला. मांडवातल्या माना वळल्या. लांब, मैदानाच्या कडेला एक माणूस उदबत्ती घेऊन सुतळी बॉम्बपाशी वाकला. कुणीच त्याला थांबवत नव्हतं. तिने हाक मारली, पण माईकपुढे तिची हाक कुठली पोचायला! तिची बोटं पदराच्या गाठीला भिडली. सकाळी सैल मारलेली गाठ वाटेत मुठीत धरून धरून घट्ट आवळली होती. नखं लागेनात. तिने गाठ दातात धरली, ओढली, "सुट ना गं, सुट..." कापूस आत दिसत होता, पांढरा, बोटभर अंतरावर.

बाबारावने तिच्याकडे पाहिलं. त्याने उदबत्तीकडे पाहिलं, तिच्या तोंडातल्या पदराकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं, त्याला समजायचं तसं.

"भेऊ नको नले," तो म्हणाला. "मी हावो ना."

आणि त्याने आपले दोन्ही तळवे तिच्या कानांवर दाबून धरले, पॉलिशचा वास येणारे, खरखरीत, आणि मांडव, माईक, सुभेदार सगळं एकदम बंद झालं. त्याचे स्वतःचे कान उघडे होते. वातीचा धूर त्याच्या खांद्यापलीकडून वर येत होता. तिने दातातला पदर सोडला, हात वर केले, त्याच्या कानांपर्यंत ते पोचायला हवे होते, आणि तिला दिवाळीपेक्षा, खाटेपेक्षा, सगळ्या आयुष्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, खरीखुरी, पहिल्यांदाच. सुभेदार समोरच होता, पण तिला दिसत नव्हता. तिला फक्त बाबारावचा चेहरा दिसत होता, आणि तो तिच्याकडे पाहून हसत होता.